दुपारचे चार: वडगावातल्या एका घराची उन्हाळी सुट्टी

हे प्रकरण एका घराचं आहे, आणि त्यातही दिवसातल्या एका वेळेचं. घरच्यांना विचारून लिहिलं आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. नावं घातलेली नाहीत. घरात ज्या नात्यानं एकमेकांना ओळखतात, त्याच नात्यानं माणसं इथं येतील. मी १९ वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे लहान मुलांच्या घरात शिरले की माझी नजर आधी जमिनीपासून दोन फुटांवर काय काय ठेवलंय तिकडे जाते. त्या दिवशीही तशीच गेली, पण जरा उशिरा.

घर आणि माणसं

बेळगावच्या वडगावात विणकरांच्या जुन्या गल्ल्या आहेत. त्यांतल्या एका गल्लीत दोन खोल्या, पुढं पडवी, मागं लहानसं परसू, वर पत्रा. सहा माणसं. बाबा उद्यमबागेत एका कारखान्यात मशीनवर आहेत. एक आठवडा सकाळी सात ते तीन, दुसरा आठवडा दुपारी तीन ते रात्री अकरा. आई घरीच शिवणकाम करते: ब्लाउज, फॉल, पिको. आजी अडुसष्ट वर्षांची. गुडघे दुखतात, हात मात्र अजून थांबत नाहीत. मुलं तीन. थोरली नऊ वर्षांची, मराठी शाळेतली चौथी नुकतीच संपवलेली. मधला सहा वर्षांचा. धाकटी अडीच वर्षांची, तिला सगळे बाळच म्हणतात.

आईच्या कामाचा खरा हंगाम उन्हाळा. पाडवा झाला की लग्नसराईची ब्लाउजं येऊ लागतात. अक्षय तृतीयेच्या आसपास तर टेबलावर कापडाचे गठ्ठे छताकडे निघालेले असतात. जूनमधली वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तरं या दोन महिन्यांच्या शिलाईतून होतात. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये आजीच्या नावावर येतात, ते तिच्या औषधांत आणि किराणात जातात. म्हणजे ‘दोन महिने शिवण बंद ठेव’ हा सल्ला या घराला देता येत नाही, आणि देणाऱ्यानं तो देऊही नये.

आता सुट्टीचं गणित. कर्नाटकातल्या शाळांना साधारण १० एप्रिलच्या सुमारास सुट्टी लागते आणि मेच्या अखेरीस त्या पुन्हा भरतात. महाराष्ट्रातल्या शाळा सुटतात मे तोंडावर आल्यावर, आणि उघडतात जूनच्या मध्यावर. आईचं माहेर कोल्हापूर. मामाची मुलं एप्रिलभर परीक्षेत अडकलेली, तर इकडची तिन्ही पोरं १० एप्रिलपासून घरात. आजोळ आहे, मायेचं आहे, बोलावतंही आहे. पण पहिले तीन आठवडे त्याचा उपयोग नाही, आणि जूनमध्ये मामाची मुलं अजून मोकळी असतात तेव्हा ही शाळेत. सीमाभागातल्या कितीतरी घरांची सुट्टी अशी दोन बाजूंनी कातरलेली असते. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण सवय झालेली आहे.

पाण्याचं तर विचारूच नका. शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, या गल्लीत नाही. उन्हाळ्यात सहा-सात दिवसांनी येतं आणि कधी येईल ते सांगता येत नाही. शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेल्याची बातमी आली की बायका आधीच उसासा टाकतात. पाणी आलं की गल्लीत पहिली हाक समोरच्या कन्नड घरातल्या अक्कांची: “नीर बंतु!” ही हाक ऐकली की मराठी असो, कन्नड असो, हातातलं काम टाकून माणसं पाइपाकडे धावतात.

तो गुरुवार

एप्रिलचा शेवटचा आठवडा. बाबांची दुसरी पाळी, ते अडीचलाच गेलेले. आजी शेजारच्यांच्या गच्चीवर. सकाळी घातलेल्या कुरडया अजून ओलसर होत्या, म्हणून ती राखण करत बसलेली. आई मशीनवर, कारण संध्याकाळी सहाच्या बसनं एक गिऱ्हाईक पाच ब्लाउजं घेऊन गावी जाणार होतं. मी सव्वाचारला साडीचा फॉल न्यायला गेले. माझ्या आधी दोघीजणी पडवीत उभ्या होत्या, एकीला बाहीची लांबी दाखवायची होती, दुसरीला उशीर का झाला ते विचारायचं होतं.

तेवढ्यात अक्कांची हाक आली. आईनं मशीनवरूनच थोरलीला सांगितलं, “पाइप लाव जा, मी आलेच.” थोरलीनं कडेवरची धाकटी खाली ठेवली आणि नळाकडे पळाली. याच वेळी पश्चिमेकडून गार वारा सुटला, पत्र्यावर धूळ सळसळली, आणि गच्चीवरून आजी ओरडू लागली, “आभाळ भरून यायलंय गे! कुरडया भिजतील, कोणतरी या!” आई दाराकडे निघाली. दोन पावलं टाकून परत फिरली, कारण इस्त्री चालू राहिली होती. तोंडात दोरा तसाच.

मागच्या परसात निळं बॅरल होतं. त्यात कमरेएवढं जुनं पाणी उरलेलं, त्यावर स्टीलचा तांब्या तरंगत होता. शेजारी बादली पालथी घातलेली. नवं पाणी येणार म्हणून बॅरलवरची फळी थोरलीनं घाईत काढून भिंतीला टेकवली होती. धाकटी बादलीवर चढली. तिला तांब्या हवा होता. ती वाकली, तांब्या हातानं ढकलला गेला, पलीकडे गेला, ती आणखी वाकली.

मधला तिथंच गोट्या खेळत होता. त्यानं तिचे पाय बादलीवरून उचललेले पाहिले. त्यानं हाक नंतर मारली, आधी फ्रॉक धरला. मागची नाडी फाटली, पण झालर त्याच्या मुठीत राहिली. मग तो किंचाळला, “आई, बाळ पडालंय!” मी पोचले तेव्हा धाकटीचं कपाळ आणि केस भिजलेले होते, नाकात पाणी गेलं होतं, आणि मधल्यानं झालर सोडलेली नव्हती. त्याची बोटं मला एकेक करून उघडावी लागली.

धाकटीला काही झालं नाही. दहा मिनिटांनी ती भिजलेल्या कुरडयांचा चुरा खात बसली होती. आई मात्र रात्री जेवली नाही.

लहान मुलांचं पाण्यात पडणं आपल्याला वाटतं तसं नसतं, हे इथं सांगायलाच हवं. या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं. तोल गेला की मूल डोक्यावर आत जातं आणि हातांच्या जोरावर वर येऊ शकत नाही. ते ओरडत नाही, फार पाणीही उडवत नाही. बादलीभर पाणीसुद्धा पुरतं. विहीर, तळं, धबधबा यांची भीती आपण मुलांना घालतो आणि परसातलं बॅरल उघडं ठेवतो.

दोष कुणाचा

त्या रात्री घरात तीन मतं होती, ती मला दुसऱ्या दिवशी तिघांकडून वेगवेगळी ऐकायला मिळाली. आई म्हणाली, चूक माझी, माझंच लक्ष नव्हतं. बाबा म्हणाले, एवढी गिऱ्हाइकं घेतेसच कशाला. आजी म्हणाली, आमच्या वेळी सहा-सहा पोरं होती, पण असं कधी झालं नाही.

मला तिन्ही पटली नाहीत. आजीच्या वेळी घरात दोन जावा आणि एक विधवा आत्या होती, हे तिनंच मला पूर्वी सांगितलेलं. मी थोरलीला जुन्या कॅलेंडरची पानं दिली आणि म्हटलं, सात दिवस पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तासातासाला कोण काय करतंय ते लिही. तिला असली कामं आवडतात. मी स्वतः तीन दुपारी पडवीत बसले, हातात भाजी निवडायला घेऊन. एका दुपारी मोजलं: सव्वातीन ते पाच या वेळात आई मशीनवरून १९ वेळा उठली. त्याच आईनं सकाळी दहा ते बारा या वेळात उठण्याचं नाव काढलं नव्हतं.

तिथं धागा सापडला. या घराचा उन्हाळा अख्खा दिवस अवघड नव्हता, तो तीन ते पाच अवघड होता. पाळी तीनला बदलते, म्हणून दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बाबा नेमके तेव्हा नसतात. पत्रा तेव्हा सगळ्यात जास्त तापलेला असतो, म्हणून धाकटीची झोप मोडते आणि ती किरकिरत उठते. ऊन कलतं म्हणून गिऱ्हाइकं तेव्हाच बाहेर पडतात. आणि आपल्याकडचा वळीव! सकाळभर उन्हानं जमीन तापते, ढग दुपारनंतर उभे राहतात आणि चारच्या सुमारास कोसळतात. म्हणून वाळवण तेव्हाच उचलावं लागतं. त्यात कधी पाणी आलं तर ते पाचवं. जून ते मार्च हीच वेळ दोन मुलांपुरती शाळा सांभाळते. शाळा सुटेपर्यंत साडेचार होतात. सुट्टी लागली की शाळेनं धरलेली ती वेळ घरावर पडते, आणि घराला ती कुठून आली ते कळतही नाही.

थोरलीची पानं

सात दिवसांनी थोरलीनं पानं आणून दिली. अक्षर सुरेख, दोन बोटं जागा सोडून लिहिलेलं. मी चारची ओळ शोधत पानं उलटत गेले. “४ ते ५: बाळाला घेतलं.” पुढचं पान: “४ ते ५: बाळाला घेतलं.” पुढचं पान, तेच. सातही पानांवर तेच. पाचव्या पानावर पुढं “पुस्तक” असं लिहून खोडलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, “वाचायला घेतलं होतं, पण ती उठली.”

त्या पानाशी मी बराच वेळ थांबले. गुरुवारी नेमकं काय झालं होतं? रोज चार वाजता धाकटी थोरलीच्या कडेवर असायची, आणि त्या दिवशी थोरलीला नळावर पाठवलं गेलं. बस्स, एवढंच. म्हणजे या घरातली अडीच वर्षांच्या मुलीची सुरक्षितता नऊ वर्षांच्या मुलीच्या कमरेवर उभी होती, आणि हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप झालं होतं, मुलगी थोरली असली की आपल्याकडे होतं तसं. मधला तिच्याहून तीनच वर्षांनी लहान, पण त्याच्या चारच्या ओळीत “गोट्या”, “सायकल”, “करवंदं आणायला गेला” असं होतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, करवंदं त्यानं खावीतच. जांबोटी-खानापूरकडच्या बायका टोपल्या घेऊन येतात ते दिवस मोजकेच असतात. पण थोरलीच्या ओळीत करवंदं एकदाही नव्हती.

हे मी आईला स्पष्ट सांगितलं. ती रडली नाही, रागावली. “मग मी काय करू, तुम्हीच सांगा,” म्हणाली. राग योग्यच होता. त्या चारच्या गिऱ्हाइकांत मीही होते.

काय हलवता आलं

एका रविवारी सगळे पडवीत बसलो. धोरण एकच ठेवलं: चारची वेळ मोकळी करायची. जे हलू शकतं ते हलवायचं, जे हलत नाही त्याला कडी घालायची.

गिऱ्हाइकं हलली. पडवीत पाटी लागली: कपडे देणे-घेणे सकाळी १० ते १२, संध्याकाळी ७ नंतर. पाटी थोरलीनं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिली. शाळेत कन्नड शिकते, तरी समोरच्या अक्कांकडून एकदा तपासून घेतली. अक्कांनी एक मात्रा सुधारली आणि शाबासकी म्हणून दोन लाडू दिले. दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, एक सोडून गेलं. बाकीच्यांनी आठवडाभरात वेळ पाळायला सुरुवात केली.

बाबांच्या बाबतीत मला वाटलं होतं वाद होईल. झाला नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते साडेतीनला घरी येतात आणि जेवून आडवे होतात. त्यांनीच म्हटलं, मी पाचनंतर झोपेन. त्या आठवड्यांत चार ते पाच धाकटी त्यांची झाली. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्यांच्याकडे सकाळ मोकळी असते, तेव्हा ते थोरल्या दोघांना घेऊन येळ्ळूरला जाऊ लागले. आजीचं माहेर तिथलं, मळ्यात विहीर आहे. पाठीला डबा बांधून पोरं पाण्यात, बाबा पायऱ्यांवर पाण्यात उभे, वर राजहंसगड. थोरली आठ दिवसांत डब्याशिवाय दोन हात मारायला शिकली. मधला अजून डबा सोडत नाही, आणि सोडायची घाई नाही हे त्याला मी वेगळं सांगितलं.

पाणी हलवता येत नव्हतं. म्हणून बॅरलं हलवली. परसातून न्हाणीघरात, दाराला वर कडी, धाकटीच्या हाताला न लागेल अशी. वर लाकडी फळी, फळीवर पाट्याचा दगड. बादली पालथी ठेवायची नाही, कारण पालथी बादली म्हणजे पायरी. पाणी येईल तेव्हा अक्का किंवा आई, जी मोकळी असेल तिनं दोन्ही घरांचे पाइप बघायचे, असं ठरलं. गल्लीतल्या बायकांनी हे आधीच का नाही केलं, असं अक्का स्वतःच म्हणाल्या.

बॅरलाचा आणखी एक भाग होता, तो बोलता बोलता निघाला. पाणी सात दिवस साठून राहतं, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नव्या पाण्याआधी जुनं संपवून बॅरल आतून घासलं तर साखळी तुटते. इथं मात्र जुन्यात नवं मिसळायची सवय होती, न जाणो पुढचं पाणी लांबलं तर. ती सवय मोडायला वेळ लागला. उरलेलं पाणी आता झाडांना आणि फरशीला जातं, आणि आतली कड आई नारळाच्या काथ्यानं घासते. तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधून मग फळी.

आजीशी चर्चा सगळ्यात लांबली. मी म्हटलं, वाळवण अडीचला आत घ्या. ती म्हणाली, “खरं ऊन दोन ते चार. अडीचला काढलेली कुरडई तळली की चामडं होते.” तिचं बरोबर होतं. कुरडया, सांडगे, शेवया यांना कडक ऊन लागतं, आणि वळवाच्या दिवसांत नेमकं तेच बेभरवशाचं. शेवटी तिनंच तोड काढली: पुढच्या वर्षापासून वाळवण मार्चअखेर उरकायचं, वळवाच्या आणि सुट्टीच्या आधी. यंदा चटणी तेवढी राहिली होती. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. ती मिरची सकाळच्या उन्हात वाळवून, देठं मोठ्यांनीच काढून, डंकावरून कांडून आणली. पोरांना मिरचीच्या आसपास फिरकू दिलं नाही. गेल्या वर्षी मधल्यानं तेच हात डोळ्यांना लावले होते.

कोल्हापूरही बाबांच्या पाळीशी जोडलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुसरी पाळी असताना, आई तिन्ही मुलांना घेऊन सहा दिवस माहेरी गेली. बेळगाव-निपाणी कर्नाटकच्या साध्या बसनं, बायकांच्या मोफत प्रवासाच्या शक्ती योजनेत आई आणि थोरलीला पैसे पडत नाहीत, आणि धाकटीला वयामुळे तिकीटच नाही. निपाणीहून पुढं कोल्हापूरच्या गाडीचं तिकीट काढावं लागतं. बेळगाव-निपाणी टप्प्यात पैसे पडले ते फक्त मधल्याच्या अर्ध्या तिकिटाचे. तो ते तिकीट निपाणीपर्यंत मुठीत धरून बसला होता, आपण एकटेच पैसे भरलेले प्रवासी म्हणून. मुठीत धरायची त्याची सवय मला ठाऊक आहे.

जे जमलं नाही

धाकटीची झोप. ती तीनऐवजी साडेचारपर्यंत झोपावी म्हणून खूप खटपट केली. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली, पण पाण्याच्या टंचाईत ती भिजवायला पाणी कुठून आणायचं? नारळाच्या झावळ्या टाकल्या, त्यानं खोली जरा निवली, तरी ती सव्वातीनला उठतेच. म्हणून दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात चार वाजता अजूनही कुणीतरी कमी पडतं. त्या वेळी मी जाते, किंवा अक्कांची सून येते. हे कायमचं उत्तर नाही. पुढच्या वर्षी ती अंगणवाडीत जाईल, पण उन्हाळी सुट्टी तिथंही असतेच.

आईचं उत्पन्न थोडं उतरलं. किती, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बेळगावात वैशाखात होणाऱ्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री मात्र ती यंदा पहिल्यांदाच मशीन झाकून मुलांबरोबर बाहेर पडली, एवढं मी पाहिलं.

मेअखेर शाळा भरली. येळ्ळूरकडं धूळवाफ पेरण्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करतात त्या, चालू होत्या, एक जोराचा वळीव होऊन गेला होता आणि हवा निवली होती. पाचवीची पुस्तकं घेऊन थोरली माझ्याकडे आली. कव्हरं घालायला मदत हवी होती. कॅलेंडरची उरलेली पानं तिनं त्यासाठी आणली होती. चारच्या ओळी असलेली सात पानं तिनं वेगळी काढून ठेवली आहेत, कशासाठी ते बोलली नाही.

त्या घरी मी काल गेले होते. न्हाणीघराला कडी होती, फळीवर दगड होता. स्टीलचा तांब्या आता खुंटीला टांगतात. धाकटी येता-जाता त्याच्याखाली उभी राहते, बोट दाखवते आणि कुणीतरी काढून देईल म्हणून वाट बघते.